कॉफी ब्रूअर सतत ठिबकतोय, वाफ मारतोय, रेडीचा दिवा लागतच नाही. टाकी बदलायची का?

पठारावरची – ११ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, जरा मोठं होईल पण सगळं एकदाच सांगते म्हणजे परत परत विचारायला नको. आमचं पाचगणीत छोटं लॉजिंग आहे, सकाळच्या नाश्त्याला पोहे, उपमा, ऑम्लेट आणि चहा-कॉफी असते. इन्स्टंट कॉफीला पाहुणे नाकं मुरडायला लागले म्हणून यंदा सीझनच्या आधी मुंबईतल्या एका बंद झालेल्या ऑफिस कँटीनमधला ड्रिप कॉफीचा ब्रूअर घेतला. सेकंड हँड आहे पण दिसायला नव्यासारखा. नळाला कायमचा जोडायचा प्रकार, वर स्टीलची गरम पाण्याची टाकी, त्याखाली फवारा, फवाऱ्याखाली कागदी फिल्टरची बास्केट आणि खाली काचेचा जग, एका वेळी साधारण दोन लिटर. मुंबईला आम्ही समोर उभं राहून चालवून बघितला, एकदम व्यवस्थित होता.

इथे आणून लावल्यापासून खालीलप्रमाणे चाललंय. चालू केल्यावर थोड्या वेळाने फवाऱ्यातून वाफ यायला लागते आणि टप टप पाणी पडत राहतं, बटण न दाबता. त्यामुळे बास्केटमध्ये पूड आधी घालून ठेवली की ती ओली होऊन बसते. रेडीचा हिरवा दिवा लागतच नाही, हीटरचा लाल दिवा मात्र विझत नाही. सकाळचा पहिला जग अर्ध्याच्या आसपास भरतो, लगेच दुसरा लावला तर पूर्ण भरतो. आणि कॉफी पातळ लागते, वर कडवट पण, हे दोन्ही एकत्र कसं होतं तेच कळेना.

इथल्या मेकॅनिकने टेंपरेचरचा सेन्सर बदलला, काही फरक नाही. मशीनमध्ये एक सेफ्टीचं लाल बटण आहे ते सारखं पडायचं, ते त्याने डायरेक्ट करून दिलं. आता म्हणतोय टाकीच गेली आहे, नवीन मागवावी लागेल, आणि तो आकडा ऐकून सासरेबुवा म्हणाले परत इन्स्टंट सुरू कर. मला ते नकोय. कोणाला या मशीनची माहिती असेल तर प्लीज सांगा, मे महिना तोंडावर आलाय.

वायरमन_सांगली – ११ एप्रिल, रात्री १०:४०

ताई बाकीचं नंतर, आधी ते लाल बटण डायरेक्ट केलंय ते काढायला लावा, उद्या सकाळी मशीन चालू करायच्या आधी. ते बटण म्हणजे हाय लिमिट. टाकीत पाणी कमी झालं किंवा टेंपरेचर हाताबाहेर गेलं की ते कॉइलची लाईन तोडतं आणि आपण हाताने दाबल्याशिवाय परत जोडत नाही. ते सारखं पडत होतं म्हणजे त्याला काहीतरी दिसत होतं. डायरेक्ट केल्यावर मधलं राखणदार कोणी राहिलं नाही, टाकी कोरडी पडली तर कॉइल लालबुंद होईल, आजूबाजूला वायरिंग आणि प्लॅस्टिक आहे. नाश्त्याच्या हॉलमध्ये पाहुणे, लहान मुलं असतात. मेकॅनिकला वाईट वाटलं तरी चालेल.

तोवर मशीन बंद ठेवा आणि प्लगही काढून ठेवा.

कॉफीमशीनवाला_पुणे – १२ एप्रिल, सकाळी ७:५५

वायरमनदादांशी शंभर टक्के सहमत. मी हीच मशीनं रिपेअर करतो, म्हणून टाकी बदलायच्या आधी थोडं ऐका. स्टीलची टाकी सहसा जात नाही. ती फुटली तर खाली पाणी गळेल, वाफ मारणार नाही. टाकी बदलायला सांगणारा माणूस अंदाजाने बोलतोय.

तुमचं मशीन कसं चालतं ते आधी सांगतो, मग कारण शोधणं सोपं जाईल. टाकी कायम भरलेली असते. तुम्ही बटण दाबलं की खालचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडबंद होणारा) ठरावीक सेकंद उघडतो, गार पाणी टाकीच्या तळाशी येतं आणि तेवढंच वरचं गरम पाणी ढकललं जाऊन फवाऱ्यातून पडतं. म्हणजे जगात जे पडतं ते आत्ता आलेलं पाणी नसतं, आधीचं तापलेलं असतं. टाकीत पाणी आधीच कमी असेल तर आलेलं गार पाणी पहिल्यांदा ती तूट भरून काढतं आणि उरलेलंच जगात येतं. तुमचा पहिला जग अर्धा आणि दुसरा पूर्ण, याचा अर्थ पहिल्या जगाच्या आधी टाकीतून जवळपास लिटरभर पाणी गायब झालेलं असतं. ते कुठे गेलं ते शोधायचं.

आता ठिबकण्याची कारणं तीन. एक, सोलेनॉइडमध्ये कचरा किंवा क्षार अडकलाय आणि तो पूर्ण बंद होत नाही. दोन, टाकीतून फवाऱ्याकडे जाणाऱ्या नळीत क्षार धरलेत किंवा मशीन तिरकं बसलंय, त्यामुळे सायफन, म्हणजे नळीतून आपोआप ओढली जाणारी पाण्याची धार, नीट तुटत नाही. तीन, टाकीतलं पाणी उकळतंय. पाणी तापताना फुगतं हे धरूनच मशीन बनवलेलं असतं, दोन लिटर गार पाणी तापलं की साधारण सत्तर-पंच्याहत्तर मिली वाढतं, ती जागा सायफन मोकळी ठेवतो. पण उकळायला लागलं की बुडबुडे पाणी वर फेकतात, तिथे कुठलाच सायफन पुरत नाही.

तर ताई बटण पूर्ववत केलं की एवढं करून बघा. एक, ठिबकत असताना प्लग काढा. प्लग काढूनही तासभर तसंच ठिबकत राहिलं तर व्हॉल्व्ह, आणि पाच-दहा मिनिटांत थांबलं तर उकळणं. दोन, गवंड्याकडची स्पिरिट लेव्हल मशीनवर ठेवून बघा, पुढे-मागे आणि आडवी दोन्ही. तीन, फवाऱ्याची चकती हाताने फिरवून काढता येते, भोकं उजेडाकडे धरून बघा. चार, टेंपरेचर किती सेट आहे ते स्क्रीनवर बघून सांगा. पाच, बटण दाबून कॉफी न घालता पाणी सोडा आणि फवाऱ्याखालीच थर्मामीटर धरून आकडा घ्या.

कापीप्रेमी – १२ एप्रिल, सकाळी ९:२०

मी बंगलोरला असतो. माझं प्रामाणिक मत, छोट्या लॉजिंगला या मशीनचा घोळ कशाला, स्टीलचे मोठे साउथ फिल्टर मिळतात, रात्री डिकॉक्शन लावून ठेवायचं, सकाळी गरम दुधात घालायचं, ना वीज ना व्हॉल्व्ह. इथल्या दर्शिनींमध्ये, म्हणजे उभ्याने खायच्या छोट्या हॉटेलांत, सकाळी जी गर्दी असते ती डिकॉक्शनवरच निभावते. पण मशीन घेऊनच झालंय तर ते दुरुस्त व्हावं हीच इच्छा. कॉफी कुठली वापरताय ते पण लिहा.

पठारावरची – १३ एप्रिल, दुपारी ३:०५

सगळ्यांचे आभार. बटण त्याच दिवशी पूर्ववत करून घेतलं, मेकॅनिक थोडा कुरकुरला पण केलं.

आता उत्तरं. प्लग काढल्यावर पाच-सात मिनिटांत ठिबकणं थांबलं, नंतर संध्याकाळपर्यंत एक थेंब नाही. लेव्हल किंचित मागे झुकलेली होती, खाली पत्र्याचा तुकडा घालून सरळ केली, फरक नाही. फवाऱ्याची दोन-तीन भोकं अर्धवट बुजलेली होती, टूथपिकने साफ केली. स्क्रीनवर सेट टेंपरेचर ९६ आहे. ऑफिसवाल्यांनी कॉफी कडक लागावी म्हणून वाढवलेलं असं विकणारा म्हणाला होता.

थर्मामीटरचा घोळ झालाय. फवाऱ्याखाली धरला तर ९५ च्या आसपास दाखवतो. मग वाटलं थर्मामीटरच बिघडलाय, म्हणून गॅसवर पातेल्यात पाणी खळखळ उकळवून त्यात धरला, तर ९५.५ च्या पुढे जाईचना. उकळतं पाणी १०० पाहिजे ना? नवीन मागवू का? आणि कॉफी चिकमंगळूरची, ७०-३० चिकोरीवाली पूड, म्हणजे ३० टक्के चिकोरी.

इन्स्ट्रुमेंटवाला – १३ एप्रिल, दुपारी ३:३१

थांबा थांबा, थर्मामीटर अजिबात मागवू नका. तुमचा थर्मामीटर बरोबर आहे आणि तुमचं उत्तर त्यातच आहे!

पाणी १०० ला उकळतं ते समुद्रसपाटीला. वर जावं तशी हवा विरळ, दाब कमी, पाणी लवकर उकळतं. मोटामोटी दर ३०० मीटरला एक डिग्री कमी. पाचगणी साधारण १३०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब ८६५ मिलिबारच्या आसपास असतो, समुद्रसपाटीला १०१३. या दाबाला पाणी ९५.६ ला उकळतं. तुम्ही पातेल्यात ९५.५ मोजलंत, साध्या थर्मामीटरने याहून अचूक मोजता येणार नाही.

आता मशीनचा सेट पॉइंट बघा, ९६. मशीन सांगतंय पाणी ९६ झालं की हीटर बंद करतो आणि हिरवा दिवा लावतो. पण पाचगणीत उघड्या टाकीतलं पाणी ९६ होऊच शकत नाही, ते ९५.६ ला उकळायला लागतं आणि तिथेच राहतं, कितीही वीज घाला, सगळी वीज वाफ करण्यात जाते. म्हणून हीटर कधी बंद होत नाही, हिरवा दिवा कधी लागत नाही. मुंबईत हेच ९६ चालून जात होतं कारण तिथे उकळायला अजून चार डिग्री बाकी असायचे. सेन्सर, टाकी, व्हॉल्व्ह, काहीही बिघडलेलं नाही.

पहिल्या अर्ध्या जगाचा हिशोबही लागतो. कॉइल किती वॅटची आहे? २००० धरली तर एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे नुसतं उकळत ठेवलं तर तासाला ३ लिटरच्या आसपास पाणी टाकीतून जाऊ शकतं. थोडी उष्णता पत्र्यातून बाहेर जाते म्हणून जरा कमी धरा. वीस-पंचवीस मिनिटं उकळलं तरी लिटरभर गेलं. आणि हे मशीन बटण दाबल्याशिवाय पाणी आत घेत नाही, म्हणजे चालू ठेवून विसरलात तर दीड-दोन तासांत पाणी कॉइलच्या खाली. लाल बटण उगाच पडत नव्हतं, ते टाकी कोरडी पडण्यापासून वाचवत होतं.

वायरमन_सांगली – १३ एप्रिल, दुपारी ३:४८

क्या बात है साहेब. आणि ते डायरेक्ट केलं होतं! अंगावर काटा आला.

सह्याद्रीपुत्र – १३ एप्रिल, संध्या. ६:१५

पटत नाही. अर्ध्या डिग्रीने एवढा फरक? ९५.६ आणि ९६ मध्ये काय आहे? आमच्याकडे महाबळेश्वरला बंब, गीझर, चहाची मशीनं सगळी चालतात.

इन्स्ट्रुमेंटवाला – १३ एप्रिल, संध्या. ६:५०

प्रश्न बरोबर आहे. अर्धा डिग्री कमी की जास्त हा मुद्दा नाही, आकडा उकळण्याच्या अलीकडचा की पलीकडचा हा मुद्दा आहे. अलीकडे असेल तर कंट्रोलर कधीतरी हीटर तोडतो. पलीकडे असेल तर कधीच तोडत नाही, मग तो अर्ध्या डिग्रीने पलीकडे असो की दहा. गीझर ६०-७० ला तुटतो, त्याचा उकळण्याशी संबंधच येत नाही. चहाच्या मशीनमध्ये तर पाणी उकळावं असंच आपल्याला हवं असतं. कॉफीच्या ब्रूअरला उकळण्याच्या जवळ पण खाली राहायचं असतं, त्यामुळे उंचीचा फटका त्यालाच जास्त बसतो. घरी तुम्हाला हे डाळीत दिसत असेल, उघड्या पातेल्यात तूर वरती शिजता शिजत नाही, कुकरमध्ये आतला दाब वाढतो म्हणून शिजते.

पावसाळ्यात अजून थोडं खाली येतं. जुलैत हवेचा दाब हिवाळ्यापेक्षा कमी असतो, त्याने पाव-एक डिग्री जाते. म्हणून सेटिंग अगदी काठावर ठेवू नका.

जर्सीकर – १३ एप्रिल, रात्री ८:०५

माझं न्यू जर्सीत ब्रेकफास्टचं दुकान आहे, काउंटरवर असे ब्रूअर आहेत. इकडच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, समुद्रसपाटीला २०० फॅरनहाइट ठेवा आणि दर हजार फुटाला दोन फॅरनहाइट कमी करा. २०० म्हणजे आपले ९३.३. पाचगणी सव्वाचार हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे साडेआठ फॅरनहाइट कमी, १९१-१९२ येतं, ८८-८९ सेल्सियस. हे मला जरा जास्तच सावध वाटतं, पण दिशा तीच आहे. सेकंड हँड मशीनसोबत मॅन्युअल येत नाही ही खरी अडचण.

कॉफीमशीनवाला_पुणे – १३ एप्रिल, रात्री ९:३०

इन्स्ट्रुमेंटवाले साहेब, दंडवत. माझी बहुतेक गिऱ्हाइकं पुण्यातली, तिथे पाणी ९८ ला उकळतं आणि ९३-९४ चं सेटिंग आरामात बसतं, त्यामुळे हा फॉल्ट तिथे समोर येत नाही.

ताई, आकडा किती ठेवायचा ते सांगतो. कॉफीला ९० ते ९६ मधलं पाणी चांगलं मानतात. ८८ ला गेलात तर अर्क कमी उतरतो, कॉफी आंबूस आणि पाणचट. तुम्ही ९२ ठेवा. उकळण्यापासून साडेतीन डिग्री खाली आहे, हीटर तुटल्यावरही कॉइलमधली उरलेली उष्णता पाणी डिग्रीभर वर नेते, ती जागा मिळते. ९२ ला ठिबकणं पूर्ण थांबलं तर ९२.५ करून बघा. ९३ च्या वर तुमच्याकडे जाऊ नका.

पातळ आणि कडवट एकत्र का, त्याचंही कारण हेच. वाफ आणि ठिबकणारं पाणी पुडीवर अर्धा अर्धा तास पडतंय. पुडीतलं चांगलं ते आधीच निथळून गेलं आणि नंतर तीच पूड पाण्यात शिजत राहिली, मग कडू अर्क आला. त्यावर अर्ध्या जगाचं पाणी. सेटिंग नीट झालं की चव पुष्कळ सुधारेल. पूड मात्र ब्रू करायच्या ऐन वेळीच घाला, आधी भरून ठेवू नका.

आणि टाकी इतके दिवस उकळलीय तर आत क्षार नक्की धरले असणार. पाणी उकळून वाफ होते, क्षार मागे राहतात. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजलात का? नळाचं पाणी आहे की टँकरचं?

पठारावरची – १४ एप्रिल, सकाळी ११:२०

सेट ९२ केलं!!! हिरवा दिवा लागला!!! खरं सांगते, मी आणि स्वयंपाकघरातल्या मावशी दोघी उभ्या राहून बघत होतो, लाल दिवा विझला आणि टक् करून हिरवा लागला. तासभर तसंच सोडून दिलं, फवाऱ्यातून वाफ नाही. एखाद-दुसरा थेंब पडतो, तो पण मशीन परत तापतं तेव्हाच. पहिला जग पूर्ण भरला. इन्स्ट्रुमेंटवाले सर, पुणेकर दादा, तुमचे किती आभार मानू. सासरेबुवांनी मुद्दाम पातेल्यात पाणी उकळवून स्वतः थर्मामीटर धरून बघितला, मग विश्वास बसला.

पाणी एरवी नळाचं, टीडीएस ८० च्या आसपास. मे महिन्यात टँकर घ्यावा लागतो, तो बोअरचा असतो, तेव्हा ४०० च्या वर दाखवतो. क्षार कसे काढायचे ते सांगा. मेकॅनिक म्हणतोय बाथरूमचं अ‍ॅसिड टाकून पाच मिनिटांत होईल.

कॉफीमशीनवाला_पुणे – १४ एप्रिल, दुपारी १२:०५

नाही नाही नाही. बाथरूमचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, त्यातलं क्लोराइड स्टीलला बारीक खड्डे पाडतं, मग टाकी खरंच जाईल. ब्लीचही नको, कारण तेच. शिवाय त्यातून लोकांना कॉफी पाजायची आहे.

लिंबाचं फूल म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड वापरा, किराणा दुकानात मिळतं. लिटरला २५ ग्रॅमच्या आसपास, कोमट पाण्यात. मशीन बंद, प्लग काढलेला, पाणी पूर्ण गार, नळाचा कॉक बंद. वरचं झाकण उघडा, नळीने सायफन करून टाकी रिकामी करा. लिंबाच्या फुलाचं पाणी भरा, अर्धा तास राहू द्या. क्षार असतील तर बुडबुडे दिसतील, बुडबुडे थांबले की काम झालं. काढून टाका, साध्या पाण्याने दोनदा खंगाळा, मग कॉक उघडून, टाकी भरून, कॉफी न घालता पाण्याचे जग काढत राहा, आंबट चव पूर्ण जाईपर्यंत. हीटर टाकी पूर्ण भरल्यावरच चालू करायचा, आधी अजिबात नाही.

फवाऱ्याकडे जाणारी नळी विसरू नका, क्षार तिथेच सगळ्यात आधी अडकतात. लांब लवचिक स्प्रिंग खालून आत सरकवून पुढे-मागे करायची, पांढरे कपचे पडतात. फवाऱ्याची चकती रोज रात्री काढून धुवायची सवय मावशींना लावा.

टँकरच्या महिन्यात मशीनच्या आधी सॉफ्टनर किंवा निदान पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरचं पाणी द्या. पण एकदम शून्याजवळचं आरओ पाणीही नको, कॉफी सपक लागते. टीडीएस १५० च्या जवळपास आदर्श मानतात, ७५ ते २५० मध्ये चालतं. तुमचं नळाचं ८० त्यात बसतं.

स्नेहा_वाई – १४ एप्रिल, दुपारी २:३०

वाचतेय सगळं, फार छान माहिती. एक शंका, घाट उतरून आमच्या वाईला हेच मशीन आणलं तर सेटिंग वेगळं ठेवायचं का?

इन्स्ट्रुमेंटवाला – १४ एप्रिल, दुपारी ३:१०

हो. वाई ७०० मीटरच्या आसपास आहे, तिथे पाणी ९७.६-९७.७ ला उकळेल, ९३-९४ आरामात चालेल. नियम असा धरा, आपल्या गावात पातेल्यात पाणी उकळवून आकडा घ्या आणि त्यातून साडेतीन वजा करा. नकाशातली उंची शोधत बसायचं कारण नाही. ज्या गावांत वजाबाकी करून ९४ च्या वर येतं तिथे ९४ वरच थांबा.

पठारावरची – ९ मे, रात्री ९:५०

परत आले. लिंबाचं फूल केलं, पिठासारखा पांढरा गाळ निघाला. मशीन छान चाललंय. पण दोन गोष्टी. सकाळी आठ-साडेआठला, पाहुण्यांच्या आंघोळी चालू असतात तेव्हा, जग परत कमी भरतो, वाफ वगैरे काही नाही. आणि कधी कधी बास्केट वरून भरून वाहते, काउंटरवर सगळी पूड आणि काळं पाणी.

कॉफीमशीनवाला_पुणे – ९ मे, रात्री १०:२५

पहिलं प्रेशर. या मशीनमध्ये पाणी मोजलं जात नाही, व्हॉल्व्ह ठरावीक सेकंद उघडा राहतो एवढंच, त्या वेळात जेवढं आलं तेवढं. शॉवर चालू असले की प्रेशर पडतं आणि जग कमी भरतो. मशीनला २० पीएसआय तरी लागतं, म्हणजे १४ मीटर उंचीचं पाणी. तुमची टाकी गच्चीवर असेल, मशीनच्या वर पाच-सहा मीटर, म्हणजे मुळातच निम्म्याहून कमी. विकणाऱ्याने किंवा मेकॅनिकने टायमर वाढवून ते जुळवलं असणार. टायमर अजून वाढवू नका, नाहीतर शॉवर बंद असताना जग ओसंडून उकळतं पाणी हातावर येईल. मशीनसाठी वेगळी लाईन आणि छोटा प्रेशर पंप बसवा, मग टायमर एकदाच मापाच्या जगाने लावा.

कापीप्रेमी – ९ मे, रात्री १०:४१

दुसऱ्याचं उत्तर मी देतो, ७०-३० ची पूड! ती साउथ फिल्टरसाठी असते, बारीक दळलेली, आणि चिकोरी पाण्यात फुगून चिकट होते. स्टीलच्या फिल्टरमध्ये रात्रभर हळूहळू उतरते तेव्हा ती उत्तम. पण ब्रूअर पाच मिनिटांत दोन लिटर पाणी ओततो, कागद चोंदतो आणि बास्केट भरून वाहते. तुम्ही चिकोरी नसलेली, मध्यम भरड, साधारण जाड रव्याएवढी दळून घ्या, चिकमंगळूर किंवा कुर्गचे रोस्टर ड्रिपसाठी म्हटलं की देतात. प्रमाण लिटरला ५५ ग्रॅम, म्हणजे दोन लिटरच्या जगाला ११०. ओतायला सुरुवात झाल्यापासून निथळेपर्यंत चार ते सहा मिनिटं लागली पाहिजेत. त्याहून लवकर झालं तर दळण बारीक करा, उशीर झाला तर भरड. बुजलेला फवाराही हे करतो, पण तुम्ही तो साफ ठेवताय.

आणि एक, जग खालच्या तव्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका, करपट होते. थर्मासच्या मोठ्या फ्लास्कमध्ये ओतून ठेवा.

पठारावरची – २८ मे, सकाळी १०:१५

पंप बसवला, वेगळी लाईन काढली, भरड पूड मागवली. शॉवर चालू असोत की बंद, जग सारखाच भरतो. परवा पुण्याहून आलेले एक काका तीन कप घेऊन विचारत होते पूड कुठली. ज्यांना दुधातली कडक कॉफी लागते त्यांच्यासाठी कापीप्रेमींच्या सांगण्यावरून एक स्टीलचा साउथ फिल्टर पण ठेवलाय, चिकोरीची पूड त्यात संपवतेय.

आता शेवटचा प्रश्न. जूनच्या मध्यापासून आम्ही लॉजिंग बंद ठेवतो, इथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. मशीन तसंच ठेवलं तर चालेल का?

वायरमन_सांगली – २८ मे, दुपारी १:००

तसंच नको ताई. नळाचा कॉक बंद करा, मशीन गार झाल्यावर टाकी पूर्ण रिकामी करा, झाकण उघडं ठेवून दोन दिवस वाळू द्या, आत पाणी साचून राहिलं तर वास धरतं. पंपातलं पाणी पण काढा. मशीन ओट्यावरून उचलून कोरड्या खोलीत, प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधून नको, दमट हवा आत कोंडते, कापड टाका.

आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परत लावाल तेव्हा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा ब्रेकर) पडला तर घाबरू नका आणि तो डायरेक्ट तर अजिबात करू नका. कॉइलच्या आत तार आणि बाहेरच्या नळीच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड असते, ती टोकांच्या सीलमधून ओल ओढून घेते. चार महिन्यांच्या दमट हवेत असं होऊ शकतं, मग करंट बॉडीकडे झिरपतो आणि आरसीसीबी आपलं काम करतो. कोणा चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून कॉइलला मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावून घ्या, एक मेगओहमच्या खाली आलं तर कॉइल काढून मंद उष्णतेवर वाळवून परत मोजायची. त्यानेही वर आलं नाही तरच नवीन कॉइल. मल्टीमीटरने रेझिस्टन्स पण बघायला सांगा, २००० वॅटची असेल तर २३० व्होल्टला २६ ओहमच्या आसपास आला पाहिजे.

सुरू करताना पाणी आधी, वीज नंतर. एक जग पाणी फवाऱ्यातून पडलेलं डोळ्यांनी बघायचं आणि मगच हीटरचं बटण.

पठारावरची – २८ मे, दुपारी १:२५

लिहून घेतलं. सेट ९२, लाल बटण डायरेक्ट करायचं नाही, पाणी आधी वीज नंतर, असा कागद मशीनच्या मागे चिकटवतेय, मेकॅनिक कोणीही आला तरी दिसेल. पंपाच्या मॉडेलसाठी कोणाला हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.